ईमेलचा मजकूर वाटेत का बदलतो आणि तो जसाच्या तसा कसा पोहोचवायचा

पाठवताना ओळ सलग होती, पोहोचली तेव्हा मध्येच तुटलेली. दुव्यात एक जादा बरोबरचे चिन्ह शिरलेले. आकड्यातला दशांश टिंब गायब. सगळ्यात जास्त डोकेदुखी तेव्हा, जेव्हा डोळ्यांना मजकूर तंतोतंत सारखा दिसतो आणि तरीही डिजिटल सही नापास होते. अशा वेळी बहुतेक जण समोरच्याच्या मेल प्रोग्रामला दोष देतात, नाहीतर तोच मेल पुन्हा पुन्हा पाठवून बघतात. दोन्हींतून काही हाती लागत नाही. मजकूर नेमका कुठे बदलला, त्या सर्व्हरला तो बदल करण्याची मुभा होती का, आणि आपणच असे काय पाठवले की त्याला हात लावावा लागला, हे तीन प्रश्न याच क्रमाने सोडवावे लागतात. अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिसऱ्या प्रश्नात सापडते.

हा लेख मुख्यतः स्वतःच्या प्रोग्राममधून, संकेतस्थळावरून किंवा सर्व्हरवरून मेल पाठवणाऱ्यांसाठी आहे. नुसत्या वेबमेलमधून लिहिणाऱ्यांना पहिले ३ टप्पे आणि शेवटचा टप्पा उपयोगी पडेल. मधली कामे त्यांचा मेल प्रोग्राम परस्पर करत असतो.

## पूर्वतयारी

शोध सुरू करण्याआधी या गोष्टी हाताशी ठेवा:

- पाठवलेल्या मेलची कच्ची प्रत, म्हणजे हेडरसकट (हेडर म्हणजे पाठवणारा, विषय, तारीख असे मजकुराच्या वरचे तपशील) पूर्ण सोर्स, फाइल म्हणून जतन केलेली.
- मिळालेल्या मेलची तशीच कच्ची प्रत.
- दोन फाइलींतला फरक दाखवणारे साधन (डिफ) आणि बाइट दाखवणारे साधन (हेक्सडंप किंवा तत्सम).
- वेगवेगळ्या मेल सेवांवरची किमान दोन चाचणी खाती.

कच्ची प्रत जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’मधून आणि थंडरबर्डमध्ये ‘मेसेज सोर्स’मधून मिळते. ती डाउनलोड करूनच घ्या.

इशारा: स्क्रीनवरून मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवलात तर तुलना तिथेच वाया गेली. मेल प्रोग्राम दाखवण्यापूर्वी एन्कोडिंग (प्रवासासाठी मजकुराला दिलेले सांकेतिक रूप) उलगडतो, ओळी जोडतो, ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा गाळतो. शिवाय मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजसारखी प्रणाली मेल स्वतःच्या अंतर्गत रूपात साठवते आणि मागितल्यावर माइम रूप (मेलचे भाग आणि एन्कोडिंग यांची प्रमाण मांडणी) नव्याने रचून देते. तिथून काढलेली प्रत वाटेत काय आले होते याचा पुरावा ठरत नाही.

## टप्पा १: कोणाला काय बदलता येते ते आधी समजून घ्या

मेल पोहोचवणाऱ्या सर्व्हरांच्या भूमिका वेगळ्या असतात आणि मानके (‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिलेले नियम) प्रत्येक भूमिकेला वेगळी मुभा देतात. हे माहीत नसेल तर योग्य वागणाऱ्या सर्व्हरवर तक्रार जाते आणि नियम मोडणारा सुटतो.

सबमिशन सर्व्हर. तुमचा प्रोग्राम ज्याच्याकडे पहिल्यांदा मेल सोपवतो तो, बहुधा ५८७ पोर्टवर. आरएफसी ६४०९ त्याला बरीच मोकळीक देते: तारीख किंवा मेसेज-आयडी नसेल तर घालणे, सेंडर हेडर जोडणे, अर्धवट पत्ते पूर्ण करणे, मजकुराचे ट्रान्सफर एन्कोडिंग बदलणे, सही करणे.

रिले सर्व्हर. एका सर्व्हरकडून घेऊन पुढच्याला देणारा. आरएफसी ५३२१ इथे कडक आहे. रिलेने स्वतःची रिसीव्ह्ड ओळ, म्हणजे मेल कोणाकडून कधी मिळाला याची नोंद, सर्वांत वर घालायची. हेडर किंवा मजकूर तपासण्याचे वा बदलण्याचे त्याला कारण नाही. आधीच्या रिसीव्ह्ड ओळींना हात लावायचा नाही. एक महत्त्वाचा अपवाद आहे: मेल ८ बिटांचा असेल, म्हणजे त्यात देवनागरीसारखी साध्या इंग्रजीपलीकडची अक्षरे कच्च्या रूपात असतील, आणि पुढचा सर्व्हर ‘८बिटमाइम’ ही क्षमता जाहीर करत नसेल, तर रिलेने मजकूर ७ बिटांच्या रूपात बदलून द्यावा किंवा मेल परत पाठवावा. आरएफसी ६१५२ प्रमाणे हा बदल वैध आहे.

अंतिम सर्व्हर. पेटीत मेल ठेवणारा. तो रिटर्न-पाथ हेडर घालतो. पेटीत मेल कोणत्या स्वरूपात साठवायचा हा त्याचा प्रश्न, आणि तिथेही एक बदल लपलेला आहे. तो तिसऱ्या टप्प्यात.

गेटवे. मेल दुसऱ्या प्रकारच्या प्रणालीत नेणारा. त्याला रूपांतराची मुभा असते, कारण त्याचे कामच ते आहे. विषाणू तपासणारे, दुवे बदलणारे, खाली कायदेशीर सूचना चिकटवणारे फिल्टर तांत्रिकदृष्ट्या रिलेच्या जागी बसतात आणि गेटवेसारखे वागतात. संस्थेच्या धोरणामुळे ते चालवून घेतले जातात, पण ‘मानकात आहे म्हणून आम्ही बदलले’ असे त्यांना म्हणता येत नाही.

## टप्पा २: बदल कोणत्या थांब्यावर झाला ते शोधा

मिळालेल्या प्रतीतल्या रिसीव्ह्ड ओळी खालून वर वाचा. सर्वांत खालची ओळ पहिल्या सर्व्हरची, सर्वांत वरची शेवटच्याची. वरून खाली वाचणे ही इतकी सर्रास होणारी चूक आहे की अख्खी तपासणी उलट्या दिशेने जाते आणि चुकीच्या संस्थेला पत्र लिहिले जाते.

मग खुणा शोधा. सेंडमेल हा सर्व्हर प्रोग्राम ८ बिटांचे रूपांतर करतो तेव्हा ‘एक्स-माइम-ऑटोकन्व्हर्टेड’ हेडर घालतो आणि त्यात कशातून कशात बदलले व कोणत्या यंत्राने बदलले हे लिहितो. ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स हेडरमध्ये डीकेआयएम सहीचा, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरने केलेल्या डिजिटल सहीचा, निकाल असतो. तिथे बॉडी हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) जुळला नाही असे असेल तर मजकूर बदललेला आहे. बॉडी हॅश जुळला पण सही जुळली नाही, तर एखादे हेडर बदलले असावे किंवा किल्लीत घोटाळा असावा. या एका भेदाने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

साखळीतले काही सर्व्हर तुमच्या ताब्यात असतील तर फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक चाचणी पेटी ठेवा आणि एकच मेल दोन्हीकडे पाठवा.

तपासणी: या टप्प्याच्या शेवटी ‘अमुक सर्व्हरपर्यंत मजकूर ठीक होता, तमुक सर्व्हरनंतर बिघडला’ असे वाक्य तुम्हाला लिहिता यायला हवे. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: बिघाडाच्या खुणेवरून कारण ओळखा

ओळ तुटलेली, मध्ये एखादी मोकळी जागा किंवा उद्गारचिन्ह. ओळ फार लांब होती. आरएफसी ५३२२ प्रमाणे ओळीची कमाल लांबी ९९८ आणि शिफारस ७८. ओळसमाप्तीचे दोन बाइट धरून एसएमटीपीची (सर्व्हरांमध्ये मेल नेण्याच्या पद्धतीची) मर्यादा १०००. याहून लांब ओळ आली की पोस्टफिक्स हा सर्व्हर प्रोग्राम ती तोडून नव्या ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा घालतो, सेंडमेल तुटलेल्या जागी उद्गारचिन्ह ठेवतो, आणि काही सर्व्हर मेलच नाकारतात. एचटीएमएल मेल तयार करणारे प्रोग्राम सगळी एकच ओळ ओततात, तिथे हा प्रकार हमखास होतो.

मराठी लिहिणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहायला हवे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) मध्ये ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हे धरली जातात. ‘मराठी’ या शब्दात ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. या हिशेबाने साधारण ३३० चिन्हांचा एक मध्यम परिच्छेद मध्ये एंटर न मारता लिहिला तरी तो ९९८ बाइटांची मर्यादा गाठतो. तोडणारा सर्व्हर अक्षर बघत नाही, बाइट मोजतो. त्यामुळे एखाद्या अक्षराचे ३ बाइट दोन ओळींत विभागले जातात आणि तिथे प्रश्नचिन्हाचा चौकट उमटतो.

ओळीच्या सुरुवातीचा टिंब गायब. एसएमटीपीत एकट्या टिंबाची ओळ म्हणजे मेल संपला. म्हणून नियम असा की पाठवणाऱ्याने टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीला आणखी एक टिंब लावायचा आणि घेणाऱ्याने तो काढायचा. घरी लिहिलेला प्रोग्राम पहिली अर्धी पायरी विसरतो, घेणारा मात्र दुसरी अर्धी चोख करतो. परिणाम किती वाईट होऊ शकतो ते बघा: ओळ मोडताना १२.५० हा आकडा टिंबाच्या अलीकडे तुटला, ५० च्या आधीचा टिंब नव्या ओळीच्या सुरुवातीला आला आणि सर्व्हरने तो काढून टाकला. ओळी पुन्हा जुळल्यावर वाचणाऱ्याला दिसतात १२५०. कुठे त्रुटीचा संदेश नाही, काही नाही. आणि मजकुरात एकट्या टिंबाची ओळ असेल तर मेल तिथेच संपतो; उरलेला मजकूर सर्व्हर आज्ञा म्हणून वाचू लागतो. उलट, दोन टिंब दिसत असतील तर लायब्ररी टिंब लावत असताना तुमच्या प्रोग्रामनेही लावला आहे.

‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाआधी मोठेपणाचे चिन्ह. हा प्रवासातला बदल नाही. एमबॉक्स प्रकारच्या, म्हणजे सगळे मेल एकापाठोपाठ साठवणाऱ्या, फाइलीत प्रत्येक मेलची सुरुवात ‘फ्रॉम’ आणि मोकळी जागा अशा ओळीने होते, म्हणून तशीच सुरुवात असलेली मजकुरातली ओळ साठवताना वेगळी केली जाते. पेटीतून काढून नंतर सही तपासली की ती नापास होते, कारण सर्व्हरवर तपासली तेव्हा ही खूण नव्हती.

बरोबरचे चिन्ह आणि त्यामागे ३डी किंवा २०. कोटेड-प्रिंटेबल एन्कोडिंग, ज्यात बाइट बरोबरचे चिन्ह आणि दोन अक्षरांच्या संकेताने लिहितात, उलगडलेले नाही: कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग हेडर हरवले आहे किंवा चुकीचे आहे, नाहीतर मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे. दुव्यातली बरोबरची चिन्हे यात आधी बळी पडतात.

ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा गेल्या. काही सर्व्हर त्या गाळतात, काही भरतात. फॉरमॅट-फ्लोड मजकुरात शेवटची मोकळी जागा ‘पुढची ओळ याच परिच्छेदाची’ असे सांगते, त्यामुळे ती गेली की परिच्छेद ओळीओळीत तुटतो. मेलच्या शेवटी नाव-पत्ता असतो त्या (डिजिटल नव्हे) सहीच्या वरची दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा असलेली ओळही अशीच निकामी होते.

मजकूर सारखा, सही नापास. ओळसमाप्ती तपासा. मानकात ओळ सीआर (कॅरेज रिटर्न) आणि एलएफ (लाइन फीड) या जोडीनेच संपते. एकटा सीआर किंवा एकटा एलएफ पाठवायला मनाई आहे. युनिक्सवरचे प्रोग्राम नुसता एलएफ ठेवतात, वाटेतला सर्व्हर तो दुरुस्त करतो, आणि दुरुस्तीपूर्वी केलेली सही मोडते. डिसेंबर २०२३ मध्ये ‘एसएमटीपी स्मगलिंग’ हा हल्ला उघड झाल्यापासून अनेक सर्व्हर याबाबत कडक झाले आहेत. वर्षानुवर्षे चाललेला प्रोग्राम अचानक अडू लागला असेल तर संशय आधी इथे घ्या.

## टप्पा ४: बदलायला काही उरणार नाही असे एन्कोडिंग निवडा

सर्व्हरला सुधारण्यात वेळ घालवण्यापेक्षा मजकूर अशा रूपात पाठवा की कोणालाच त्याला हात लावण्याचे कारण उरणार नाही. माझे मत स्पष्ट आहे: आज कच्चा ८ बिटांचा मजकूर पाठवण्यात वाचणारी जागा त्यातून येणाऱ्या त्रासाच्या तोडीची नाही.

१. सगळा मजकूर यूटीएफ-८ मध्ये आणा आणि कंटेंट-टाइपमध्ये तसे लिहा.

२. ओळसमाप्ती सीआर-एलएफ करा. हे एन्कोड करण्यापूर्वी. बेस६४ (दर ३ बाइट ४ साध्या अक्षरांत लिहिणारे एन्कोडिंग) करताना लोक ही पायरी गाळतात, कारण आत काय आहे ते नंतर दिसत नाही; पण मानकात मजकुरासाठी हाच क्रम सांगितला आहे.

३. देवनागरी मजकुरासाठी बेस६४ घ्या, मुख्यतः इंग्रजी मजकुरासाठी कोटेड-प्रिंटेबल. हिशेब सोपा आहे: देवनागरीचे एक चिन्ह कोटेड-प्रिंटेबलमध्ये ९ अक्षरे खाते आणि बेस६४ मध्ये ४. ‘मराठी’ची ४५ विरुद्ध २०.

४. दोन्हींत एन्कोड केलेली ओळ ७६ अक्षरांपेक्षा लांब नको.

५. कोटेड-प्रिंटेबल वापरत असाल तर ओळीच्या शेवटची मोकळी जागा, ओळीच्या सुरुवातीचा टिंब आणि सुरुवातीच्या ‘फ्रॉम’चे पहिले अक्षर हेही एन्कोड करा. मोकळ्या जागेबद्दल मानकाची सक्ती आहे, बाकी दोन शहाणपणाचे. बेस६४ मध्ये टिंब आणि मोकळी जागा ही चिन्हेच नसल्यामुळे हे प्रश्न उद्भवत नाहीत.

इशारा: अनेक भागांच्या मेलमध्ये हे एन्कोडिंग प्रत्येक भागाला लावायचे असते. बाहेरच्या मल्टिपार्ट आवरणाला बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल लावायला आरएफसी २०४५ परवानगी देत नाही.

## टप्पा ५: हेडर वेगळे हाताळा

मजकुराचे एन्कोडिंग हेडरला लागू होत नाही, आणि इथेच विषयाची ओळ विद्रूप होते. मराठी विषय कच्च्या यूटीएफ-८ मध्ये टाकू नका. त्यासाठी आरएफसी २०४७ मधले एन्कोडेड-वर्ड वापरा. अशा एका तुकड्याची कमाल लांबी ७५ अक्षरे, त्यात १२ अक्षरे नुसत्या सांगाड्याची; म्हणजे बेस६४ मध्ये एका तुकड्यात देवनागरीची १५ चिन्हे मावतात. विषय लांब असेल तर अनेक तुकडे करा. एका चिन्हाचे बाइट दोन तुकड्यांत वाटायचे नाहीत हा नियम आहे आणि साध्या लायब्ररी तो सर्रास मोडतात. विषयाच्या मधोमध एकच विचित्र चिन्ह दिसत असेल तर कारण बहुधा हेच.

पत्ताच देवनागरीत असेल तर मार्गातल्या प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ हा अशा पत्त्यांसाठीचा विस्तार (आरएफसी ६५३१) यायला हवा. वाटेत साध्या पत्त्यात रूपांतर होत नाही. ज्याला येत नाही त्याच्यापाशी मेल अडतो आणि परत येतो.

तपासणी: आपल्या सर्व्हरशी जोडणी करून ईएचएलओ आज्ञा द्या. उत्तराच्या यादीत ८बिटमाइम आणि एसएमटीपीयूटीएफ८ आहेत का ते बघा. यादी त्या एकाच सर्व्हरची असते, पुढच्यांची नाही.

## टप्पा ६: सही सगळ्यात शेवटी, पण योग्य ‘शेवटी’

इथे क्रम चुकला की आधीचे सगळे कष्ट वाया. दोन प्रकारच्या सह्या आहेत आणि त्यांच्या जागा वेगळ्या.

ओपनपीजीपी किंवा एस/माइमची सही पाठवणारा करतो. भाग आधी एन्कोड करायचा, मग त्या एन्कोड केलेल्या भागावर, त्याच्या हेडरसकट, सही करायची. सहीखालचा भाग ७ बिटांचाच हवा, नाहीतर वाटेतले वैध रूपांतरही ती मोडेल.

डीकेआयएमची सही सर्व्हर करतो आणि ती तुमच्या संस्थेतला शेवटचा बदल झाल्यावरच व्हायला हवी. खाली सूचना चिकटवणारा फिल्टर सहीनंतर बसवला आहे, ही मांडणी फार ठिकाणी दिसते. फिल्टर आधी, सही नंतर. आरएफसी ६३७६ सहीपूर्वी मजकूर कोटेड-प्रिंटेबल किंवा बेस६४ करून घ्या असेच सांगते.

कॅननिकलायझेशन (सहीसाठी मेल ठरावीक रूपात आणण्याची रीत) मजकूर व हेडर दोन्हींना ‘रिलॅक्स्ड’ ठेवा. त्यात ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा, मधल्या अनेक मोकळ्या जागांची एक होणे, मजकुराच्या शेवटच्या रिकाम्या ओळी, हेडरच्या घड्या हे फरक माफ होतात. ‘सिंपल’ मजकुरात शेवटच्या रिकाम्या ओळींपलीकडे काही माफ नाही. एन्कोडिंग बदलले तर मात्र दोन्ही नापास.

इशारा: मजकुराच्या सुरुवातीच्या काही बाइटांपुरतीच सही करणारा ‘एल’ टॅग वापरू नका. जोडलेल्या सूचनेमुळे सही मोडू नये म्हणून काही जण तो सुचवतात. त्याने कोणालाही तुमच्या सहीखाली स्वतःचा मजकूर जोडायची सोय होते.

## टप्पा ७: सापळ्याचा मेल पाठवून खात्री करा

एकाच मेलमध्ये अवघड ओळी मुद्दाम भरा: टिंबाने सुरू होणारी, नुसत्या टिंबाची, ‘फ्रॉम’ने सुरू होणारी, शेवटी दोन मोकळ्या जागा असलेली, मध्ये टॅब असलेली, बरोबरच्या चिन्हापुढे दोन आकडे असलेली, देवनागरीचा ४०० चिन्हांचा अखंड परिच्छेद, आणि शेवटी दोन रिकाम्या ओळी. तोच मजकूर तीन रूपांत फक्त स्वतःच्या चाचणी खात्यांवर पाठवा: कच्चा ८ बिट, कोटेड-प्रिंटेबल, बेस६४. कच्च्या रूपात लांब ओळीची मर्यादा मोडते, ती जाणूनबुजून.

मिळालेल्या प्रती उलगडून मूळ मजकुराशी बाइटवार तुलना करा. फक्त कच्चे रूप बिघडले तर वाहतुकीतला बदल आहे आणि चौथ्या टप्प्याने तो सुटला. कोटेड-प्रिंटेबल बिघडले पण बेस६४ नाही, तर तुमचा एन्कोडर टिंब, ‘फ्रॉम’ किंवा शेवटच्या मोकळ्या जागा सोडतो आहे. बेस६४ मधलाही मजकूर बदलला असेल तर कोणीतरी मेल उघडून, उलगडून, बदलून पुन्हा बांधतो आहे. तो फिल्टर आहे आणि त्याच्याशी एन्कोडिंगने लढता येत नाही.

अशा वेळी त्या सर्व्हरच्या प्रशासकाला लिहा. ‘तुमचा सर्व्हर मेल बिघडवतो’ एवढेच लिहिले तर उत्तर येणार नाही. दोन्ही कच्च्या प्रती झिप करून जोडा, बदल ज्या दोन रिसीव्ह्ड ओळींच्या मध्ये झाला त्या दाखवा, बदललेले बाइट दाखवा आणि लागू असलेला नियम सांगा.

आणि ज्या मजकुराचा एक बाइटही बदलून चालणार नाही, म्हणजे किल्ल्या, पॅच, मांडणीच्या फाइली, तो मेलच्या अंगात चिकटवू नका. जोडफाइल म्हणून पाठवा, आणि तीही टेक्स्ट प्रकारची नको, कारण टेक्स्ट जोडफाइलीची ओळसमाप्ती बदलू शकते. प्रकार ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम, एन्कोडिंग बेस६४, आणि फाइलीचा एसएचए-२५६ हॅश वेगळ्या मार्गाने कळवा.